शेऱ्याचा रकाना

“त्यात काय आहे बाबा? डिलीट मारा आणि देऊन टाका,” बुटाची लेस बांधता बांधता माझा मुलगा म्हणाला आणि ऑफिसला निघून गेला. त्याच्या त्या एका वाक्यावर मी विसंबलो. त्यापायी माझा आठवडा गेला, मंडळातल्या माणसांशी वाकडं आलं, आणि एका मुलीच्या संसारात माझ्या हातून काडी पडायची ती थोडक्यात चुकली. मुलाला हे नंतर ऐकवलं तर म्हणतो, “मला काय माहीत तुम्ही त्यात काय काय लिहून ठेवलंय?” बरोबर आहे, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी डिलीट मारून हात झटकले, ह्याचा मला जास्त राग येतो.

मी चौथी पास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझं शुद्धलेखन काढत बसायला नको. पण अक्षराच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. भांड्यांवर नावं कोरायचं काम मी जन्मभर केलं. बोरिवली स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या पायरीशेजारी माझं स्टूल. आधी छिन्नी आणि छोटी हातोडी होती, ठिपक्याला ठिपका लावून अक्षर काढायचं. मग विजेचं मशीन आलं, टुर्रर्र करणारं, हातातून थेट दातांत जाणारं. लग्नातला डबा, वास्तुशांतीची परात, बारशाची वाटी. ‘यांजकडून सप्रेम भेट’ हे शब्द मी जितक्या वेळा लिहिले तितका बायकोशी बोललो नसेन. कोरलेल्या अक्षराला खोडरबर नसतो. म्हणून मी गिऱ्हाइकाकडून आधी कागदावर नाव घ्यायचो, मोठ्याने वाचून दाखवायचो, ‘हेच ना?’ विचारायचो आणि मगच सुई टेकवायचो.

ह्या अक्षरामुळेच मंडळाची वही माझ्याकडे आली. कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं तसं आमच्याही गावाचं आहे. वर्षातून एक सत्यनारायण, दहावीच्या मुलांचा सत्कार, देवळाच्या कौलांची काळजी, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे लग्नं जुळवणं. आमच्या गावच्या आणि आसपासच्या पाच-सहा वाड्यांच्या मुलामुलींची माहिती मी वहीत उतरवून घ्यायचो आणि कुठे जुळेल ते सुचवायचो. पुढे एका सभासदाचं ऑफिस बंद पडलं, तिथला कॉम्प्युटर मंडळाला मिळाला. ठेवायचा कुठे? वही ज्याच्या घरी त्याच्या घरी. साठी उलटल्यावर मी टायपिंग शिकलो. सुनेने बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवून दिले. एका बोटाने का होईना, पण सगळी वही मी त्यात चढवली. कुणाची मदत घेतली नाही.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो मीच आखला होता आणि कॉम्प्युटरमध्येही तसाच ठेवला. उंची, शिक्षण, पगार, गोत्र हे लोक सांगतील तसं लिहायचं. शेरा मात्र माझा. ‘उंची पाच फूट पाच सांगतात, मी शेजारी उभा राहून बघितली, पाच तीन.’ ‘मुलगा चांगला, आईसमोर तोंड उघडत नाही.’ ‘बापाला पत्रिका हवी, पोराची जन्मवेळ ठाऊक नाही.’ हा रकाना मी कुणाला दाखवला नाही. पण जी लग्नं टिकली ती त्याच्यावर टिकली असं मी मानतो. लोकांनी काय मानायचं ते मानावं.

त्या रकान्यात एक शेरा असा होता की तो लिहायलाच नको होता.

एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. मुलगीच म्हणाली, “काका, एक गोष्ट सांगायची आहे. जो मुलगा तुम्ही सुचवाल त्याला मी स्वतः सांगेन. पण बाकी कुणाला कळता कामा नये.” लहानपणचं एक दुखणं होतं, केव्हाच बरं झालेलं. काय ते इथे लिहीत नाही. एकदा लिहून अद्दल घडली आहे. मी एक मुलगा सुचवला. ती दोघं माझ्याच गॅलरीत बोलली. चहा पार थंड झाल्यावर मुलगा आत आला आणि मला म्हणाला, “काका, मला चालेल. फक्त माझ्या आईपर्यंत जाऊ देऊ नका. आई ह्या बाबतीत ऐकणारी नाही. पुन्हा घरात घेणार नाही तिला.” मी दोघांना शब्द दिला. आणि संध्याकाळी बसून रकान्यात सगळं लिहिलं. का लिहिलं? लग्न फिसकटलंच तर चुकून भलत्या घरी तिला पाठवू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर, लिहिल्याशिवाय काम पुरं झालं असं मला वाटतच नाही. जन्माची खोड.

लग्न झालं. संसार छान चालला आहे, इथेच, आमच्या पुढच्या स्टेशनला. सासू मात्र गावी असते, आणि गावच्या शाळेत तिची रोज ये-जा असते. कशासाठी ते विचारू नका. दोन-तीन गोष्टी मी इथे फिरवून लिहिल्या आहेत. ज्याला ओळखायचं असेल त्याने डोकं खाजवत बसावं.

आता मंडळात नवीन माणसं आली. सहचिटणीस म्हणून एक तरुण माणूस आला, अंधेरीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. त्याने लॅपटॉप आणला, मोबाइलवर ग्रुप केला. आता मुलीचा फोटो, पगार, जन्मवेळ, बापाचा फोन, सगळं त्या ग्रुपवर पडतं आणि ज्यांना मुलगाही नाही नि मुलगीही नाही असले लोक त्याला अंगठा दाखवतात. ह्याला म्हणे सोय. मी एकदा बोललो, तर म्हणाले, काका, जमाना बदलला. रविवारच्या सभेत ठरलं की जुना कॉम्प्युटर गावच्या शाळेला द्यायचा. गुरुवारी गावी जाणाऱ्या बसच्या डिकीत घालायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. टाळ्या वाजवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कॉम्प्युटर कुठे चालला आहे.

म्हणून सोमवारी मुलाला विचारलं, आणि त्याने ते लेस बांधतानाचं वाक्य टाकलं.

सोमवार आणि मंगळवार मी डिलीट मारत बसलो. एकेक फाइल उघडायची, शेवटचं बघून घ्यायचं, आणि मारायची. सगळ्या एकदम जातात हे मला सुनेने आधी शिकवलं होतं, पण मला एकेक करून घालवायच्या होत्या. ज्या माणसांचं मी इतकं लिहिलं त्यांना एका दणक्यात कसं काढायचं? त्या मुलीची फाइल सगळ्यांत आधी मारली. मग ती कचऱ्याची पेटी असते ती रिकामी केली. ‘कायमचे घालवायचे का?’ असं त्याने विचारलं. हो म्हटलं. कायमचे म्हणजे कायमचे, मला मराठी कळतं. मग कपडा ओला करून डबा पुसला, बटणांमधली धूळ ब्रशने काढली, वर हळद-कुंकू लावलं. इतकी वर्षं घरात होता. खोक्यात घालून दोरी बांधायची तेवढी बाकी होती.

बुधवारी सकाळी सहचिटणीस आला. “चालतो ना काका, एकदा बघून घेतो.”

“न चालायला काय झालं?”

“तसं नाही हो. ह्यात मागच्या वर्धापनदिनाचे फोटो होते ना? ते मला हवेत, स्मरणिकेला.”

“घालवले.”

“घालवले?”

“सगळंच घालवलं. आधी सांगायचं.”

मला वाटलं हा चिडेल. हा हसला. “टेन्शन घेऊ नका काका. डिलीट केलं म्हणजे काय जातं थोडंच?” असं म्हणून त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, मागे खुपसला आणि काहीतरी चालू केलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायला लागली. मी चहा ठेवला. चहा घेऊन येतो तर पडद्यावर नावांची रांग. माझी नावं. मी ज्या क्रमाने चढवली त्याच क्रमाने, माझ्याच टायपिंगच्या चुकांसकट.

“बघा! सगळं जिवंत! झकास ना?” असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं, मी शाबासकी देईन म्हणून. मी हातातला कप खाली ठेवला.

“अरे, हा तर माझा बायोडेटा. लग्नाआधीचा.” त्याने तो उघडला आणि वाचत खाली गेला. मग मोठ्याने वाचलं, “‘शेरा. मुलगा हुशार. स्वतःबद्दल फार बोलतो. ऐकून घेणारी बघावी.’” त्याने मान वळवली. “काका, हे काय आहे?”

“मिळाली ना तशी?”

“मिळाली, पण...”

“मग झालं.”

“मग झालं काय? तुम्ही प्रत्येकाबद्दल असं लिहिलंय? बघू तरी बाकीच्यांचं काय काय आहे.” आणि त्याचा तो बाण पडद्यावरून खाली सरकायला लागला. त्या मुलीचं नाव त्याच्यापासून चार ओळी खाली होतं. मला दिसत होतं. तीन ओळी. दोन.

मी भिंतीतून वायर उपटली.

“काका! असं बंद करतात का? वाट लागते मशीनची!”

“लागू दे. पेनड्राइव्हमध्ये काय काय घेतलंस?”

“काही नाही हो, अजून नुसती यादी येत होती. फोटोपण नाही मिळाले.”

“आईची शपथ?”

“अहो काका, तुम्हाला झालंय काय?”

“कॉम्प्युटर उद्या जाणार नाही. सांग तुझ्या अध्यक्षांना.”

तो गेला. जिना उतरता उतरताच फोनवर बोलायला लागला असणार, कारण पाच मिनिटांत माझा फोन वाजला. अध्यक्ष माझ्याच वयाचे, एकाच वाडीतले. आम्ही लंगोटीत असल्यापासून एकमेकांना शिव्या देत आलो आहोत.

“तुझा टकला फिरला काय रे?”

“नाय. तुझा ठीक आसा मा?”

“शाळेतली पोरां वाट बघतत. मास्तराक मी सांगून बसलंय.”

“मगे बघूंदेत. रविवारच्या गाडीन धाडतंय.”

“कॉम्पुटर मंडळाचो आसा, तुझो नाय.” जरा थांबून आवाज खाली आला. “खरा सांग. कसले फोटो आसत रे त्यात?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. ह्या वयात! मी फोन आपटला. पण आपटून काय उपयोग? खरं कारण सांगायचं तर कुणाचं तरी काहीतरी लिहून ठेवलंय इतकं तरी सांगावं लागणार. आणि आमच्या मंडळात इतकं सांगितलं की उरलेलं शोधायला सगळे निघतात. त्यापेक्षा म्हातारा चावट आहे असं म्हणू देत. ते मी सहन करीन असं ठरवलं. ठरवणं सोपं होतं, पण आत फार झोंबत होतं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, “एवढं असेल तर डिस्क काढा आणि हातोडा मारा. विषय संपला.”

“आणि शाळेला रिकामं खोकं पाठवू?”

“मग द्या तसाच. कोण बघतंय तिथे?”

एक तर हातोडा नाही तर तसाच. ह्याला मधलं काही सुचत नाही. लहानपणापासून तसाच आहे.

गुरुवारी सकाळी मी स्टेशन रोडला रिपेरिंगच्या दुकानात गेलो, नुसतं विचारायला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “अंकल, छोड़ के जाओ. कल ले जाना. फॉर्मॅट मार देंगे.”

“फॉर्मॅट मारल्यावर परत येतं का?”

“नॉर्मल आदमी को नहीं आता.”

“और ॲबनॉर्मल को?”

तो हसायला लागला. शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणाला, “अंकल, ऐसा क्या है आपका उसमें?” दोघे हसले. मी छत्री उचलली आणि बाहेर पडलो. सोडून जा म्हणे! ज्याला मी ओळखत नाही त्याच्याकडे चारशे घरांच्या गोष्टी रात्रभर ठेवायच्या?

त्या संध्याकाळी सून ऑफिसातून आली. तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली, मी खोलीत खोक्यासमोर बसलो होतो ते बघितलं. तिने मला एकच प्रश्न विचारला. “बाबा, त्यात जे आहे ते तुमचं आहे की दुसऱ्याचं?”

“दुसऱ्याचं.”

“मग नीट करू.” बस. फोटो कसले, कुणाचं, काय, काही विचारलं नाही. माझ्या मुलाला हिच्याहून चांगली मिळाली नसती, आणि तेव्हाही शेरा मीच लिहिला होता.

ती म्हणाली, “पुस्तकाची अनुक्रमणिका असते ना, तशी ह्याच्यात यादी असते. तुम्ही डिलीट मारलं की यादीतलं नाव जातं. पान तिथेच राहतं. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते राहतं. यादी गेली तरी पानं चाळून कुणीही वाचू शकतो. काल त्यांनी तेच केलं.”

मी डोक्याला हात लावला. पॉलिश! अरे, हे तर पॉलिश आहे! हे मला कुणी सांगायचं? मी लोकांना सांगत आलोय!

माझ्याकडे नावं कोरायला यायचे तसे कधी कधी नाव काढायलाही यायचे. मी आधी विचारायचो, भांडं कुणाचं? चोरीचं नको. एकदा एक बाई आली होती, पिशवीत सहा-सात डबे आणि एक कळशी. सगळ्यांवर सासरच्यांचं नाव. ती परत आली होती माहेरी, कायमची, आणि भांडी तिच्याच बापाने दिलेली होती. तिने आधी दुसरीकडे पॉलिश करून घेतलं होतं. वरून बघितलं तर चकचकीत. मी डबा उचलून उजेडात तिरपा धरला. सगळी अक्षरं उभी राहिली, सासऱ्याच्या नावासकट. बाई रडायलाच लागली. म्हणाली, “रोज सकाळी चहा करताना हे वाचायचं का मी?” मी म्हटलं, ताई, कोरलेलं पुसून जात नाही. त्याच्यावर कोरावं लागतं. मी सुई लावली. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, आणि मग सगळ्यावरून एक वेल, पानापानाची. नंतर कसाही धरा, वेलच दिसते. भांडी घेऊन जाताना ती दोनदा मागे वळून बघत होती.

मी सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, अगदी हेच करायचं. सगळ्या डिस्कवर, एकही जागा न सोडता, शून्यं लिहायची. त्याचा प्रोग्रॅम असतो.”

“तीनदा मार. उभी, आडवी आणि वेल.”

“एकदा पुरतं. ही जुन्या पद्धतीची, आत चकती फिरणारी डिस्क आहे. सगळीकडून एकदा लिहिलं की खालचं कुणाला वाचता येत नाही.”

“मी कधी एका हाताने सोडलं नाही.”

“मग रविवारची बसपण चुकेल.”

दोन हातांवर तडजोड झाली. मग ती म्हणाली, “आणि दुसरीकडे कुठे आहे का हे? आठवा नीट. नाहीतर इकडे पुसायचं आणि तिकडे राहायचं.”

मूळ वही कपाटात होती. देवघराच्या खणात एक पेनड्राइव्ह होता. आणि मग ती एकदम उठली आणि गॅलरीत गेली. दोन वर्षांपूर्वी तिनेच मला सगळ्या फायली सीडीवर उतरवून दिल्या होत्या. ती सीडी कबुतरं पळवायला मी दोरीने गॅलरीच्या जाळीला टांगली होती! दोन वर्षं चारशे लोकांचे शेरे वाऱ्यावर गरागरा फिरत होते, आणि कबुतरं त्यांना भीत नव्हती ते वेगळंच. मी कपाळ बडवून घेतलं. सून हसत सुटली, मग मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. माळ्यावरून माझं मशीन काढलं. इतक्या वर्षांनी टुर्रर्र झालं. सीडी दोन्हीकडून कोरून काढली आणि मग चार तुकडे केले. देवघरातला पेनड्राइव्ह जुन्या हातोडीने ठेचला. वहीची पानं फाडून बादलीत भिजत घातली आणि लगदा होईपर्यंत हाताने कालवली. शाईने पाणी निळं झालं. ते ओतताना जरा जड गेलं, लपवत नाही.

शुक्रवारी सून घरूनच काम करत होती. सकाळी तिने कॉम्प्युटरला प्रोग्रॅम लावून दिला. लावण्याआधी मला विचारलं, “हीच डिस्क ना? एकदा सुरू केलं की मागे फिरता येत नाही.” मी मोठ्याने वाचलं, हीच ना, हीच, आणि मग बटण मीच दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे. शंभरातले किती झाले ते एकेक करत वाढायचे. मी समोर खुर्ची टाकून बसलो. एकसष्ट झाले आणि सगळं गेलं. पंखा, दिवा, पडदा, सगळं. मी जिन्यात धावलो. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसांनी मीटरच्या खोलीत जाऊन आमच्या मजल्याचा खटका पाडला होता.

“विचारायची पद्धत आहे की नाही?” मी ओरडलो.

वॉचमन म्हणाला, “आजोबा, दहा मिनिटांचं काम आहे. टीव्ही काय पळून जातोय का?”

“टीव्ही नाही रे बाबा! इथे...” आणि पुढे काय सांगणार? त्या आठवड्यात मी जितक्या वेळा गप्प बसलो तितका अख्ख्या आयुष्यात बसलो नसेन.

पुन्हा पहिल्यापासून. दुपारी जेवलोसुद्धा तिथेच, ताट मांडीवर घेऊन. शंभर झाले तेव्हा चार वाजून गेले होते. दुसरा हात शनिवारी मारला. मग सुनेने त्यात शाळेला लागेल ते भरलं, आणि मी सहचिटणीसाला फोन करून बोलावलं. “तुझा तो पेनड्राइव्ह घेऊन ये.”

तो आला तो फुगलेलाच. शेऱ्याचा राग गेला नव्हता. मी म्हटलं, “त्या दिवशी काढलंस तसं काढून दाखव.” त्याने खुपसलं. हिरवी पट्टी सरकली. मी त्याच्या खांद्यामागे उभा. पट्टी ह्या टोकाची त्या टोकाला गेली. शाळेसाठी भरलेलं काय ते दिसत होतं. मागचं एक नाव नाही. त्याने अजून एकदा लावून बघितलं, जरा जास्त वेळ लागणारं. मला तेच हवं होतं. कसाही तिरपा धर म्हणावं.

“काही नाही काका. कोरा आहे.” मग तोंड वाकडं करून म्हणाला, “माझा शेरापण गेला.”

“तुझा मला पाठ आहे.”

तेव्हा कुठे तो हसला. जाताना दारात म्हणाला, “काका, ग्रुपवर जन्मवेळ-पगार नको टाकूया का? नुसतं शिक्षण आणि गाव टाकू. बाकी फोनवर.” मी म्हटलं, बघा बुवा, जमाना तुमचा आहे. पण मला बरं वाटलं.

रविवारी कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर बाजूने मी शेवटचं कोरलं. मंडळाचं नाव, गावच्या शाळेस सप्रेम भेट. हात थोडा हलला, पण मात्रा सगळ्या जागेवर आहेत. मग खोकं रिक्षात घालून हायवेला बस थांबते तिथे नेलं. मंडळाचे आठ-दहा लोक जमले होते. अध्यक्षांनी खोक्याचं झाकण उचलून पत्र्यावरून बोट फिरवलं.

“माझा नाव खंय आसा?”

“जागा नाय पुरली.”

तेवढ्यात ती आली. तीच. सासूला गावी लाडू पाठवायचे होते, ह्याच बसने. डबा माझ्या खोक्यावर ठेवून म्हणाली, “काका, ह्याच्यातच ना आमचे सगळ्यांचे बायोडेटा असायचे?”

“हो.”

“आणि आता?”

“आता काही नाही त्यात. मी स्वतः बघितलंय.”

अध्यक्षांनी एवढ्यावर सोडलं असतं तर बरं होतं. पण त्यांनी मिशीतून हसत सगळ्यांच्या देखत विचारलं, “काय रे, गेले काय शेवटी तुझे ते फोटो?” आठ-दहा माणसं खदखदून हसली. क्लीनरसुद्धा हसला. माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली. मी म्हटलं, “गेले. एक नाय रवलो.”

मी तिच्याकडे बघितलं. तीही हसत होती, तोंडावर हात धरून, अगदी मोकळी. म्हाताऱ्याची चांगली फजिती झाली असं तिला वाटलं असणार. वाटू दे. तिला कसली धास्ती असती तर ती अशी हसली नसती. मी लाडवांचा डबा उचलला, झाकण घट्ट आहे ना ते बघितलं, आणि खोक्याच्या वर नीट बसवून दोरी आवळली.